वेगवेगळ्या कंपन्यांचे मॉडेल रेल्वेचे रूळ एकाच लेआउटवर जोडताना (एचओ/ओओ, १६.५ मिमी)

तापीतीर (जळगाव)

राम राम मंडळी.

"बाखमनचा सेट आहे, पुढे पेकोचा फ्लेक्सी (वाकवता येणारा ट्रॅक) लावला तर चालेल का?" हा प्रश्न इथे वरचेवर येतो आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरलेली आहेत. म्हणून सगळं एका ठिकाणी मांडतोय. आपल्या भागात ट्रॅक मिळेल तसा गोळा होतो. एखादा सेट परदेशातून आलेला, थोडा हॉर्नबी मुंबई-पुण्याहून वापरलेला घेतलेला, वर चार-सहा फ्लेक्सी. हे सगळं एकत्र नीट चालतं. फक्त जॉइनर (दोन रुळांची टोकं जोडणारी धातूची पट्टी) बसला म्हणजे रूळ जुळले असं समजू नका.

एचओ आणि ओओ (मॉडेलची दोन मापं) दोन्हींचा गेज, म्हणजे रुळांमधलं अंतर, १६.५ मिमी, त्यामुळे चाकांची अडचण सहसा येत नाही. अडतं ते रुळाच्या उंचीत, स्लीपर किंवा रोडबेडसकट (रुळाखालचा प्लास्टिकचा उंचवटा) एकूण उंचीत आणि रुळाच्या पायाच्या रुंदीत.

रुळाची उंची 'कोड'मध्ये सांगतात. कोड म्हणजे इंचाचे हजारावे भाग. कोड १०० म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ म्हणजे २.१ मिमी, कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. हॉर्नबी, पेको सेटट्रॅक, बाखमन ई-झेड, पिको ए हे कोड १०० मध्ये. काटो युनिट्रॅक, रोको लाइन, टिलिग एलिट हे कोड ८३ मध्ये. पेको स्ट्रीमलाइन १००, ८३ आणि ७५ अशा तिन्हींत येतो, अ‍ॅटलास १०० आणि ८३ मध्ये. वापरलेला माल घेताना खोक्यावरच्या नावावर विसंबू नका, कॅलिपरने मोजा.

कोड १०० ला कोड १०० जोडायचा तर पेकोचा एसएल-१० जॉइनर बहुतेक ठिकाणी बसतो. सैल वाटला तर नोज प्लायरने त्याचे ओठ हलके दाबा. घट्ट असेल तर रूळ ढकलत बसू नका, स्लीपर उचकटतात. रुळाच्या पायाच्या खालच्या कडा कानसने किंचित तिरप्या करा, मग जॉइनर सहज सरकतो.

बाखमनच्या रोडबेडला टोकाशी प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. साध्या ट्रॅकला जोडायच्या टोकाच्या खिट्ट्या साइड कटरने काढा, तिथला मूळ जॉइनर पकडीने ओढून काढा आणि रुळाच्या पायाखालचं प्लास्टिक जॉइनर आत जाईल एवढंच, ८ ते १० मिमी, कटर ब्लेडने तासा. त्यापेक्षा जास्त तासलं तर रूळ अधांतरी राहतो.

आता कोड १०० ला कोड ८३. उंचीत ०.४३ मिमीचा फरक. नवीन ट्रॅक मागवणारच असाल तर तयार ट्रान्झिशन जॉइनर (दोन वेगळे कोड जोडणारे) मिळतात, तेच घ्या. नाहीतर हाताने असं करा:

१. कोड १०० च्या रुळावर त्याचाच जॉइनर अर्धा सरकवा.
२. बाहेर राहिलेला अर्धा भाग सपाट पकडीने पूर्ण चेपा. दुमडलेल्या ओठांच्या जाडीमुळे ०.४३ मधली बरीचशी उंची तिथेच भरून निघते.
३. कोड ८३ च्या रुळाचा पाया खालून पॉलिश पेपरने घासून त्याला सोल्डरचा पातळ थर द्या. चेपलेल्या भागालाही द्या.
४. रूळ त्यावर ठेवा, दोन्हींवर स्टीलची पट्टी आडवी धरा, माथे एका पातळीत आणा आणि बाहेरच्या बाजूने सोल्डर करा.

यातली चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची. कोड १०० च्या रुळाचा माथा ८३ पेक्षा रुंद असतो. जॉइनर दोन्ही रूळ मध्यावर जुळवतो, त्यामुळे चाकाची कड ज्या आतल्या बाजूला घासते तिथेच बारीक पायरी तयार होते. गाडी एका दिशेने चालते आणि उलट दिशेने त्याच सांध्यावर उतरते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. रुळांच्या आतल्या कडा जुळल्या पाहिजेत. बाहेरच्या बाजूला पायरी राहिली तर राहू द्या, तिथून काही जात नाही.

कोड १०० ला ७५ जोडताना फरक ०.६४ मिमी. तिथे चेपलेला जॉइनर पुरत नाही, त्यावर पितळी पत्र्याचा तुकडा सोल्डर करून उंची भरावी लागते.

सांधा कुठे घ्यायचा तेही सांगतो. वळणावर नको, पॉइंटच्या (एका मार्गाचे दोन होतात त्या जागेच्या) टोकापासून १५ सेंमीच्या आत नको, दोन फळ्यांच्या जोडावर तर मुळीच नको. सरळ भागात, हात आणि सोल्डरिंग आयर्न पोचेल तिथे घ्या.

लळिंग (धुळे)

धाग्याची गरज होतीच. काटोबद्दल विचारायचं होतं. युनिट्रॅकच्या टोकाला ते काटोचे स्वतःचे युनिजॉइनर असतात. त्यांच्यासकट पेको कोड ८३ ला जोडता येतो, की टोक कापावं लागतं?

तापीतीर (जळगाव)

@लळिंग, टोक कापायचं नाही. युनिजॉइनर दाबून सरळ ओढला की निघतो. तो जपून ठेवा, पुढे काटोला काटो जोडायला लागेल. मग रुळाचं टोक मोकळं होतं, त्यावर कोड ८३ चा साधा जॉइनर (पेकोचा एसएल-११०) चढवा. युनिजॉइनर निघाल्यावर रोडबेडमध्ये खोबण राहते आणि रुळाचं टोक आधाराविना लोंबतं. तिथे प्लास्टिक शीटचा तुकडा बसेल तसा कापून चिकटवा, नाहीतर जड इंजिन गेलं की टोक खाली दबतं आणि मोकळं झालं की वर येतं. असा सांधा महिनाभरात सैल होतो.

दुसरं म्हणजे उंची. काटोचा रोडबेड सांच्यातलाच, पेकोचा फ्लेक्सी नुसता स्लीपरवर. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवून टेबलापासून रुळाच्या माथ्यापर्यंत कॅलिपरने मोजा. जो फरक येईल तेवढी कॉर्क शीट फ्लेक्सीखाली घाला. ३ मिमी आणि ५ मिमी कॉर्क सहज मिळतो. उरलेला अर्धा-पाऊण मिमी पातळ पट्ट्यांनी भरा. जुनं एटीएम कार्ड ०.७६ मिमी असतं, जाड व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मिमी. मात्र सगळी उंची सांध्यापाशी एकदम भरू नका. सांध्यापासून ३० सेंमीपर्यंत उतरत्या जाडीच्या पट्ट्या ठेवा, म्हणजे चढ जाणवणार नाही.

यार्डमास्टर (भुसावळ)

तापीतीर भाऊ, छान मांडलंय. पण सोल्डरच्या मुद्द्यावर एक भर घालायलाच हवी, नाहीतर लोक जानेवारीत सगळे सांधे सोल्डर करतील आणि मे महिन्यात रूळ सापासारखे वळलेले दिसतील.

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. लेआउट गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत असेल तर आतलं तापमान त्याहूनही जास्त. जानेवारीच्या पहाटे तोच पारा १० च्या आसपास. निकेल सिल्व्हरचा रूळ ३५ अंशांच्या फरकात दर मीटरला सुमारे ०.६ मिमी वाढतो. ३ मीटरच्या सलग सोल्डर केलेल्या रुळाला पावणेदोन मिमी जागा लागते. ती मिळाली नाही की रूळ बाजूला फुगतो, स्लीपरच्या पकडी तुटतात, आणि सगळ्यात आधी जातो तो ट्रान्झिशनचा सांधा, कारण तिथे सर्वांत कमी धातू एकमेकांना धरून असतो.

त्यात लाकूड. पावसाळ्यात प्लाय दमट हवेने फुगतो आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आकसतो. थंड देशांतल्या लेखांत रूळ थंडीत आकसतो आणि घर तापवल्याने कोरडी झालेली फळीही थंडीतच आकसते. दोन्ही एकाच दिशेने सरकतात, म्हणून तिथे गॅपबद्दल फार कुणी ओरडत नाही. आपल्याकडे उलट आहे. रूळ वाढतो नेमका तेव्हाच फळी आकसते, म्हणजे दाब दोन्हीकडून. परदेशी लेखांतला 'एवढा गॅप पुरतो' हा सल्ला आपल्याकडे तसाच लावू नका.

माझा हिशोब असा. ट्रान्झिशनचा सांधा सोल्डर करा, त्याला पर्याय नाही. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे लगतचे सांधे मोकळे सोडा, नुसत्या जॉइनरवर. आणि गॅप ठेवताना त्या दिवशीचं खोलीचं तापमान बघा:

हिवाळ्यात सकाळी १२-१५ अंशांत रूळ टाकत असाल तर दर मीटरला ०.५ ते ०.६ मिमी. दोन व्हिजिटिंग कार्ड एकत्र धरून मध्ये घाला, मग ओढून घ्या.
२५ अंशांच्या आसपास एक कार्ड, ०.३ मिमी.
मे महिन्यात दुपारी ४० च्या वर असेल तर टोकाला टोक भिडवलं तरी चालेल, हिवाळ्यात गॅप आपोआप उघडेल.

प्लाय निदान १२ मिमी आणि बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) ग्रेडचा घ्या. खालची बाजू आणि कापलेल्या कडा प्राइमरने बंद करा. ओलावा कडेतूनच जास्त आत जातो, आणि तीच बाजू सगळे उघडी सोडतात.

तापीतीर (जळगाव)

यार्डमास्टर दादा, सहमत. ट्रान्झिशन सोल्डर, शेजारचे मोकळे. ज्यांचा लेआउट पक्का बांधलेला आहे त्यांनी एक सांभाळा. बॅलास्टवर (रुळाखालच्या खडीवर) ओतलेलं पातळ फेविकॉल स्लीपरला धरून ठेवतं ते ठीक, पण मोकळ्या जॉइनरमध्ये शिरलं तर रूळ सरकायचा थांबतो. बॅलास्ट टाकायच्या आधी मोकळ्या जॉइनरवर तेलाचा बारीक थेंब काडीने लावा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मोकळा जॉइनर म्हटलं की विजेचा प्रश्न आलाच. जॉइनरने फक्त रूळ सरळ धरायचे, वीज न्यायचं काम त्याच्यावर सोडू नका. नवा असताना तो वीज नेतो, वर्षा-दीड वर्षात आत काजळी आणि धूळ बसते. आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ, आणि जिनिंग जवळ असेल तर कापसाचे तंतूही. वेगळ्या कंपन्यांच्या सांध्यात जॉइनर कुठेतरी एका बाजूने सैल असतोच, म्हणून तिथे हे लवकर होतं.

उपाय सरळ आहे. मोकळ्या सांध्यांमधल्या प्रत्येक सलग भागाला स्वतःची फीडर जोडी (रुळाला वीज देणाऱ्या दोन तारा) द्या. फीडरला ०.५ मिमीची एकेरी तार पुरते (लॅन केबलमधली चालते), लांबी १५ ते २० सेंमीच्या आत ठेवा. खाली मुख्य बस (सगळे फीडर जिला जोडायचे ती तारांची जोडी) १.५ चौरस मिमीची घरगुती वायरिंगची, दोन रंगांत. लाल असेल तर सगळीकडे त्याच बाजूच्या रुळाला. लूप असेल तर रंग चुकायची शक्यता वाढते, म्हणून प्रत्येक फीडर जोडल्यावर मल्टिमीटरने बझर लावून बघा.

सांधे तपासायची माझी पद्धत: मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या. तो साधारण ०.८ अँपिअर घेतो, म्हणजे एका जड इंजिनापेक्षा जास्तच. कंट्रोलर पूर्ण उघडा, बल्ब लेआउटच्या सर्वांत लांबच्या भागात दोन रुळांवर टेकवा आणि व्होल्टेज मोजा. मग कंट्रोलरजवळ बल्ब नेऊन पुन्हा मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एखाद्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे एकदम फरक दिसला तर चोर तोच सांधा. नुसता मल्टिमीटर लावला तर खराब सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण भार नसतो. म्हणून बल्ब हवाच.

डीसीसी (रुळांतून डिजिटल आदेश देऊन इंजिन चालवायची पद्धत) असेल तर आणखी एक चाचणी: प्रत्येक भागात दोन रुळांवर नाणं टेकवा. बूस्टर (रुळांना वीज देणारा डबा) लगेच ट्रिप झाला पाहिजे. झाला नाही तर तिथपर्यंत पोचणारी तार किंवा सांधा कच्चा आहे, आणि खरा शॉर्ट झाला की तिथे प्लास्टिक वितळेल.

फ्रॉगबद्दल, म्हणजे पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेबद्दल. पेकोचा इलेक्ट्रोफ्रॉग (फ्रॉगमध्येही वीज असणारा) पॉइंट दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅकला लावताना फ्रॉगकडून येणाऱ्या दोन आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर लागतात, कोड १०० ला एसएल-११, कोड ७५/८३ ला एसएल-१११. पण पॉइंट कोड १०० चा आणि पुढचा ट्रॅक ८३ चा असेल तर दोन्हीपैकी एकही नीट बसत नाही. तिथे जबरदस्ती करू नका. पॉइंटनंतर त्याच कोडचा किमान १५ सेंमी तुकडा लावा, इन्सुलेशन त्या सांध्यात घ्या आणि कोड बदल त्याच्यापुढे.

लळिंग (धुळे)

इन्सुलेटेड जॉइनर इथे पटकन मिळत नाहीत. रूळ कापून गॅप ठेवला तर?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

चालतो, पण रिकामा ठेवू नका. सोनारी करवतीच्या बारीक पात्याने कापा, गॅप साधारण अर्धा मिमी. त्यात ०.५ मिमी प्लास्टिक शीटचा तुकडा फेविक्विकने चिकटवा, वाळल्यावर रुळाच्या आकाराला कानसने घासा. रिकामा ठेवलेला गॅप यार्डमास्टर दादांनी सांगितल्याप्रमाणे मे महिन्यात बंद होतो आणि दुपारी तीन वाजता कारण न कळणारा शॉर्ट येतो. संध्याकाळी गार झालं की सगळं पुन्हा ठीक. कापण्याआधी दोन्ही बाजूंचे दोन-दोन स्लीपर खाली चिकटवून घ्या, नाहीतर कापल्यावर रूळ आडवा सरकतो.

सातपुडा (शहादा)

सगळी चर्चा सांध्यावर चाललीय, पण कंपन्या मिसळताना भूमितीही बिघडते. दोन समांतर मार्गांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं: हॉर्नबी आणि पेको सेटट्रॅक ६७ मिमी, पिको ए ६१.९ मिमी, काटो युनिट्रॅक एचओ ६० मिमी, पेको स्ट्रीमलाइन ५० मिमी. वळणाच्या त्रिज्याही तशाच: हॉर्नबी-सेटट्रॅक दुसरं वळण ४३८ मिमी, पिकोचं ४२१.९, काटोचं ४३०. म्हणजे हॉर्नबीच्या अर्धवर्तुळात मध्येच पिकोचे दोन तुकडे घातले तर शेवटचं टोक बंद होत नाही, आणि लोक ते ओढून बंद करतात. तो ताण कुठेतरी कमकुवत सांध्यावर निघतो.

नियम एकच ठेवा. वळणाचा अख्खा भाग एका कंपनीचा, दुसरी कंपनी सरळ भागापासून पुढे. अंतर जुळवायला मध्ये ३० ते ४५ सेंमी फ्लेक्सी घ्या, सगळे फरक तो गिळतो.

आता आपल्याकडचे लोक आयसीएफचे (भारतीय रेल्वेचे जुन्या बनावटीचे) डबे चालवतात म्हणून आकडे देते. आयसीएफ डबा २१.३ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये २४५ मिमी. बोगींमधलं (डब्याखालच्या दोन चाकगाड्यांच्या मध्यांमधलं) अंतर १४.८ मीटर, म्हणजे १७० मिमी. रुंदी ३.२५ मीटर, म्हणजे ३७ मिमी. ४३८ च्या आतल्या वळणावर या डब्याचे कोपरे रुळाच्या मध्यापासून बाहेर सुमारे २७ मिमी जातात. बाहेरच्या ४८८ च्या वळणावर दुसऱ्या डब्याचा मधला भाग आत सुमारे २६ मिमी येतो. बेरीज ५३ मिमी. म्हणजे स्ट्रीमलाइनचं ५० मिमी अंतर वळणावर तसंच ठेवलं तर दोन गाड्या एकमेकींना घासणार. सरळ भागात ५० ठेवा, वळण सुरू व्हायच्या आधी फ्लेक्सीने ६२ ते ६७ पर्यंत फाकवा. एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा २३.५ मीटरचा, त्याला आणखी जागा लागते.

यार्डमास्टर (भुसावळ)

ताई, हे फार कामाचं. भुसावळच्या यार्डासारख्या आठ-दहा समांतर मार्गांचा लेआउट करणाऱ्यांनी ही पोस्ट आधी वाचावी. यार्डात सगळं सरळ असतं, तिथे ५० मिमी उत्तम. अडचण यार्डाच्या गळ्यापाशी, जिथे मार्ग वळून मुख्य लाइनला मिळतात.

अमळनेरकर

दोन गोष्टी राहिल्या.

पहिली, धातू. बाखमन ई-झेडमध्ये काळा रोडबेड असेल तर रूळ स्टीलचे, करडा असेल तर निकेल सिल्व्हरचे. वापरलेला माल घेताना रंग बघून घ्या, किंवा चुंबक लावा, स्टील चिकटतं. स्टीलचे रूळ पावसाळ्यात गंजतात, आणि गंज जॉइनरच्या आत आधी धरतो जिथे दिसत नाही. स्टील आणि निकेल सिल्व्हर जोडता येतात, पण मुख्य लाइनवर नको. स्टीलचा भाग सायडिंगला टाका आणि त्याला वेगळा फीडर द्या. काळे आणि करडे तुकडे एकाच लूपमध्ये मिसळलेले असले की काळ्यावर इंजिन झटके घेतं, तेव्हा इंजिन उघडायच्या आधी रूळ तपासा.

साफ करताना पॉलिश पेपर रुळाच्या माथ्यावर वापरू नका, ओरखड्यांत घाण बसते. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरे. (तापीतीर भाऊंनी पॉलिश पेपर सांगितलाय तो रुळाच्या पायासाठी, तिथे चालतो.)

दुसरी, चाकं. जुन्या लिमा आणि जुन्या हॉर्नबी डब्यांच्या चाकांची कड खोल असते. कोड १०० वर ती आरामात चालतात, कोड ७५ वर आल्यावर स्लीपरच्या पकडींवर कडकडतात आणि पॉइंटच्या फ्रॉगवर उडी मारतात. दोष सांध्याला देण्याआधी गाडीचं चाक बघा. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४-१४.५ मिमी असावं. १४ च्या आसपास असेल तर पॉइंटवर गाडी चढणारच, मग ट्रॅक कुठल्याही कंपनीचा असो.

सोल्डरिंगबद्दल एक वाक्य: २५ वॅटचं आयर्न या कामाला दुबळं. रूळ उष्णता दूर ओढून नेतो आणि तापेपर्यंत स्लीपर वितळतात. ५०-६० वॅट, रुंद टोक, दोन-तीन सेकंद टेकवा, ६०/४० चं रोझिनवालं सोल्डर द्या, उचला. सांध्याच्या दोन्ही बाजूंना ओला कागदी रुमाल गुंडाळा. अ‍ॅसिड फ्लक्स रुळाजवळ नको, तो पुढे हिरवा गंज धरतो.

गावशीव (पाचोरा)

मर्कलिनचा सी-ट्रॅक एका ओळखीच्यांकडून मिळतोय, स्वस्तात. पेकोला जोडता येईल का?

तापीतीर (जळगाव)

@गावशीव, नको घेऊ भो. मर्कलिनमध्ये दोन्ही रूळ विजेच्या एकाच बाजूला जोडलेले असतात आणि दुसरी बाजू मधल्या टिकल्यांतून येते. आपला दोन रुळांचा ट्रॅक त्याला जोडला की सरळ शॉर्ट. गेज तोच आहे म्हणून फसगत होते. मर्कलिन घ्यायचं तर इंजिनासकट सगळंच त्या पद्धतीचं घ्यावं लागतं.

गावशीव (पाचोरा)

बरं झालं विचारलं. आणि पाचोरा–जामनेर नॅरोगेज दाखवायची असेल तर? तीही याच लेआउटवर, पाचोऱ्याला ब्रॉडगेजच्या शेजारी.

यार्डमास्टर (भुसावळ)

नॅरोगेज ७६२ मिमी, १:८७ ने ८.७६ मिमी येतं. म्हणजे ९ मिमीचा ट्रॅक जवळपास अचूक. एन स्केलचे रूळ चालतील, पण स्लीपर फार बारीक आणि दाट दिसतात. पेकोचा ओओ-९ फ्लेक्सी घ्या, त्याचे स्लीपर नॅरोगेजसारखे विरळ असतात. तो कोड ८० चा, त्याला एन गेजचा एसएल-३१० जॉइनर बसतो. पेकोचा एन गेज 'कोड ५५' वर कमी उंचीचा दिसतो, पण त्याचा रूळ स्लीपरमध्ये खोल रुतवलेला असतो, त्यामुळे तोही एसएल-३१० ने कोड ८० ला जोडता येतो. ९ मिमीत कंपन्या मिसळणाऱ्यांना हे फार सोयीचं.

गंमत बघा, आपली ब्रॉडगेज १६७६ मिमी, ती १:८७ मध्ये १९.३ मिमी व्हायला हवी आणि आपण १६.५ वर चालवतो. म्हणजे पाचोऱ्याच्या लेआउटवर नॅरोगेज मापाला जास्त खरी असेल.

दोन्ही मार्गांच्या विजेचा एकमेकांशी संबंध येऊ देऊ नका. वेगळे कंट्रोलर, वेगळी बस.

लळिंग (धुळे)

सगळं जोडून झाल्यावर चाचणी कशी घ्यायची? बॅलास्ट टाकायच्या आधी खात्री करायची आहे.

यार्डमास्टर (भुसावळ)

आधी डोळा आणि नख. डोळा रुळाच्या पातळीला आणा, मागून टॉर्च धरा, पायरी असेल तर सावली दिसते. मग नख रुळाच्या माथ्यावरून आणि नंतर आतल्या कडेवरून दोन्ही दिशांनी फिरवा. नख अडलं तिथे चाकही अडणार. अर्धा केस एवढी पायरी असेल तर बारीक कानसने दोन्ही बाजूंना ५-५ मिमी उतार द्या. त्यापेक्षा मोठी असेल तर घासू नका, सोल्डर उघडून पुन्हा जुळवा. घासून उंच रूळ पातळ होतो आणि खालचा तसाच राहतो.

नंतर गाडी. इंजिन एकटं चालवून काही कळत नाही, ते जड असतं, दबून जातं. सर्वांत हलका चार चाकी वॅगन घ्या, सात-आठ डब्यांच्या मध्ये लावा आणि इंजिनाने मागून ढकला, अगदी सावकाश. ओढताना कपलिंग गाडी सरळ ठेवतं, ढकलताना प्रत्येक पायरी उघडी पडते. मग उलट दिशेने. मग गाडी सांध्यावर मधोमध उभी करा आणि तिथून सुरू करा, वीज कच्ची असेल तर तिथेच थांबेल.

हे सगळं सकाळी एकदा आणि दुपारी दोन-तीनला एकदा करा. आता एप्रिल आहे, बॅलास्ट मे संपेपर्यंत थांबवा. एक पूर्ण उन्हाळा रुळाने मोकळ्या फळीवर काढू दे. जिथे फुगेल तिथे गॅप वाढवता येतो, बॅलास्टनंतर तो भाग उखडावा लागतो.

सातपुडा (शहादा)

आणि उन्हाळ्यात फुगलेली जागा सापडली की तिथे फळीवर पेन्सिलने तारीख आणि तापमान लिहून ठेवा. पावसाळ्यात प्लाय फुगल्यावर तोच गॅप केवढा उघडतो ते मोजता येईल. दीड मिमीच्या वर उघडत असेल तर एकाच ठिकाणी न ठेवता दोन सांध्यांत वाटा.

लळिंग (धुळे)

धन्यवाद सगळ्यांना. एक शेवटचं: ८ बाय ४ फुटांच्या फळीवर हॉर्नबीचा लूप, आत काटोचं स्टेशन, दोन कोड बदल. सामान किती मागवू?

तापीतीर (जळगाव)

दोन कोड बदल म्हणजे चार रूळ, चार ट्रान्झिशन जॉइनर. दोन जास्तीचे घ्या, एखादा बसवताना चिरतो. एसएल-१० चं एक पाकीट, एसएल-११० चं एक. काटोच्या दोन्ही टोकांना भरायला प्लास्टिक शीट १ मिमी, हाताएवढा तुकडा. कॉर्क आत्ता घेऊ नका, काटो हातात आल्यावर उंची मोजा आणि मग घ्या. फीडरसाठी लॅन केबल दोन मीटर, बससाठी १.५ ची वायर दोन रंगांत प्रत्येकी आठ मीटर. नीडल फाइलचा संच आणि करवतीची पाती सोनारी हत्यारांच्या दुकानात मागा, छंदाच्या दुकानापेक्षा चांगली आणि स्वस्त मिळतात. पाती डझनाने घ्या, तुटतातच.

काटोचं स्टेशन सरळ भागात आहे ना? असेल तर दोन्ही कोड बदल फलाटाच्या दोन टोकांपासून २०-२५ सेंमी बाहेर घ्या. फलाटालगत घेतले तर पुढे सोल्डरिंग आयर्न आत शिरणार नाही.